गावचा टॉवर, चोवीस घरांची बॅटरी आणि जेसीबीचा दात

कृषी खात्याचा माणूस टेलिफोनवर काय लिहितो, असे तुम्हाला वाटेल. पण आता आमचे निम्मे काम फोनवरच अडते. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. पावसाचा अंदाज, बाजारभाव, दुधाचा हिशेब, सगळे त्याच्यावरच. आष्टी तालुक्यात कुठल्याही बांधावर गेले की पहिले वाक्य कानावर पडते, "साहेब, रेंजच नाही." मग पिकाचे बोलणे बाजूला राहते आणि टॉवरचे सुरू होते. तेव्हा हे सरकारी टेलिफोनचे काम चालते तरी कसे, ते एकदा नीट समजून घेतलेले बरे.

आपला तालुका बालाघाटच्या डोंगरात. एखादे गाव टेकडीच्या अलीकडे, तर दुसरे पलीकडच्या खोऱ्यात. टॉवरच्या लहरी साधारण सरळ जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून माळावर उभे राहिले तर फोन लागतो आणि ओढ्याकाठच्या विहिरीवर मुका होतो. यात कोणाचा दोष नाही, जमिनीची ठेवणच तशी आहे.

जुन्या लोकांना तारेचा फोन आठवत असेल. पूर्वी टपाल आणि तार हे एकच खाते होते. १९८५ साली दूरसंचार खाते वेगळे झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८४ मध्ये, सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिने खेड्यासाठी १२८ पोर्टचे लहान एक्स्चेंज तयार केले. त्याची मोठी गंमत अशी की, त्याला एसी लागत नव्हता. परदेशी एक्स्चेंजला थंडगार, बिनधुळीची खोली हवी असायची. आपल्याकडे उन्हाळा कसला आणि धूळ किती, हे सांगायला नको. असे पहिले एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसले आणि पुढे देशभर हजारो खेड्यांत गेले. एका कपाटाएवढ्या यंत्रावर गाव बोलू लागले. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या त्या यानंतरच.

ते चालवणे मात्र सोपे नव्हते. यंत्रापासून निघालेली केबल खांबावरच्या डबीपर्यंत, डबीतून तार घरापर्यंत. पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरले की खरखर सुरू. १९८ ला तक्रार नोंदवायची, मग टेस्ट करणारा तपासून बघायचा की बिघाड एक्स्चेंजमध्ये आहे, वाटेत आहे की घरात. त्यानंतर लाइनमन सायकलवर. त्या माणसाला कोणत्या खांबावर कोणाची जोडी आहे, हे तोंडपाठ असायचे. वही नंतर, आधी डोके. जिथे तार पोहोचली नाही तिथे गावाला एक सार्वजनिक फोन रेडिओवर दिला, त्याला मार म्हणायचे. तो इतका बंद पडायचा की पुढे सरकारलाच ते सगळे बदलून घ्यावे लागले. १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत गावोगाव फोन देण्याचे ठरले होते, तेही वेळेत झाले नाही.

१ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे काम बीएसएनएल या सरकारी कंपनीकडे गेले. पुढे मोबाईल वाढला, तार घटली. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० ला एकदम घरी गेले. पैशाच्या दृष्टीने तो निर्णय कदाचित योग्य असेल, पण कुठला जोड कुठल्या बाभळीखाली आहे हे माहीत असलेली माणसेही त्यात गेली. ती माहिती कागदावर कमीच होती.

आता बॅटरीकडे वळू, कारण खरे दुखणे तिथे आहे. जुने एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालायचे आणि आजचा टॉवरही ४८ व्होल्टवरच चालतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीत सहा घरे असतात, प्रत्येक दोन व्होल्टचे, म्हणून बारा. टॉवरला अशी चोवीस घरे ओळीने जोडलेली असतात. त्यातले एक घर कमजोर झाले की ओळीतल्या सगळ्यांची ताकद जाते, जसा जोडीतला एक बैल बसला की औत उभे राहते. मग लाइट गेल्यावर काही तास चालायला हवा तो टॉवर काही मिनिटांत बंद होतो. आपल्याकडे वादळ-पाऊस आला की पहिली लाइटच जाते. म्हणजे फोनची गरज सर्वांत जास्त, नेमका तेव्हाच तो नाही. जुन्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. आताच्या फायबरच्या फोनला घरातली लाइट लागते. प्रगतीत हे एक आपण गमावले.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात कडा परिसरात अडकलेली माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली, हे सर्वांना आठवते. अशा वेळी कोण कुठे अडकले आहे, हे तहसीलला कळते ते फोनवरूनच. जुलै २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम कर्कश वाजले आणि लोक घाबरले होते. ती आपत्तीच्या सूचनेची चाचणी होती. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे दामिनी ॲप आहे. आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजेची सूचना ते देते. पण टॉवर झोपला तर दामिनीही मुकी.

दुसरे दुखणे आपल्याच हातात आहे. टॉवरपर्यंत जाणारी फायबर केबल जमिनीखालून जाते. नियमाने ती सुमारे १.६५ मीटर खोल असावी, पण खडक लागला की ती वर राहते, आणि आपल्याकडे खडक कुठे नाही? पाइपलाइनसाठी जेसीबी लावला, दात केबलला लागला, की गाव बंद. शहराकडच्या केबलला बहुधा दोन वाटा असतात, एक तुटली तर दुसरीने काम चालते. आडबाजूच्या गावाला बहुधा एकच वाट. पाइपलाइन एकाची आणि रेंज गेली पाच गावांची, असे होते. २०२३ च्या जानेवारीपासून खोदण्याआधी कळवणे नियमाने बंधनकारक आहे, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आले. ते जमत नसेल तर निदान एक्स्चेंजमध्ये सांगून यावे. रस्त्याकडेला केबलचे निशाणाचे दगड दिसले तर तिथे मशीन थांबवून हाताने खोदावे. केबल तुटलीच तर माती लोटून मोकळे होऊ नका, लगेच कळवा. लपवलेला तुकडा शोधण्यातच दिवस जातो.

ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी असते. तिचे लाइटबिल थकले की इंटरनेट बंद, मग दोष केबलला. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला हरकत नाही. टॉवरची तक्रारही तोंडी नको. कोणत्या तारखेला, किती वाजता लाइट गेली आणि किती मिनिटांत रेंज गेली, असे पंधरा दिवस वहीत लिहून अर्ज द्या. "रेंज येत नाही" या अर्जाचे कोणी काय करणार? "लाइट गेल्यावर दहा मिनिटांत टॉवर बंद" असे लिहिले की बॅटरीचा दोष अधिकाऱ्याला जागेवर कळतो.

बीएसएनएलची देशी बनावटीची फोर-जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ ला सुमारे ९७,५०० टॉवरवर सुरू झाली. यंत्र नवे आले तरी चोवीस घरे तीच आणि जेसीबीही तोच, हे ध्यानात ठेवा.

तोपर्यंत ई-पीक पाहणी अडवून ठेवू नका. शेतात फोटो काढून माहिती साठवून ठेवता येते आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते. फक्त शेवटच्या तारखेची वाट पाहू नका, त्या दिवशी सर्व्हरही दमतो. सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत नंबर आहे, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलता येते. माळावर चढून लावा, लागतो.