भट्टीच्या झाकणाला तडे का जातात?

मातीकाम शिकवणाऱ्या कित्येक शाळांत व कलाविद्यालयांत वरून उघडणारी विजेची भट्टी असते. काही महिने ती वापरली की झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक तडे दिसू लागतात. ते पाहून कोणी घाईने सिमेंट थापतो, तर कोणी महागडे झाकणच बदलायला निघतो. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. तडा का जातो हे कळले की काय करावे हेही कळते.

कुंभाराच्या आव्यापुढे हा प्रश्न नसतो. गवत, खापऱ्या, राख, माती यांचे त्याचे आच्छादन दर खेपेला नव्याने रचले जाते. विजेच्या भट्टीचे झाकण मात्र तेच ते, पुन्हा पुन्हा तापते आणि निवते.

हे झाकण उष्णतारोधक विटांचे असते. या विटेची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.५ ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या निम्मी. तिच्या आकारमानाचा पाऊण भागाहून अधिक हिस्सा छिद्रांतील हवेने व्यापलेला असतो. या हवेमुळेच उष्णता आत कोंडून राहते. पण तिच्यामुळेच वीट इतकी ठिसूळ होते की नखानेही ओरखडा उठतो.

आता थोडे गणित करू. झाकण ६० सेंटिमीटर रुंद आहे. आतला पृष्ठभाग १००० अंश सेल्सिअसला आणि बाहेरचा २०० अंशांना आहे असे समजू. विटेचा एकरेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.०००००५५ धरला, तर

६०० मिमी × ८०० × ०.०००००५५ = २.६४ मिमी

म्हणजे एकाच झाकणाची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा अडीच मिलिमीटरहून जास्त पसरू पाहते. वीट दाब बऱ्यापैकी सोसते. ताण मात्र तिला सोसत नाही. भट्टी तापताना बाहेरच्या बाजूवर ताण येतो. गरम भट्टीचे झाकण उघडले, तर आतला पृष्ठभाग एकाएकी आकसतो आणि ताण तिथे येतो. आतले तडे बहुधा अशाने पडतात. म्हणून भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नये, हा पहिला नियम.

आतल्या बाजूचे केसाएवढे तडे भट्टी तापली की मिटतात. रेल्वेच्या रुळांच्या सांध्यांतील फटी जे काम करतात, तेच हे तडे करतात. ते तसेच राहू द्यावेत. तुकडा सैल झाला, भांड्यांवर चुरा पडू लागला, किंवा झाकण मध्ये झुकले, तरच दुरुस्ती हाती घ्यावी. चुरा वितळलेल्या झिलईत रुतला की भांडे वाया जाते.

दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा पूर्ण तोडावा. मग झाकणाभोवतीची पोलादी पट्टी तपासावी. वारंवार तापून ती सैल होते. तिचा स्क्रू, भट्टी थंड असताना, थोडाथोडा आवळावा. पट्टी विटांना दाबाखाली ठेवते, आणि दाब विटेला मानवतो. बिजागरीही पाहावी. तापल्यावर भिंती दोन-एक मिलिमीटर उंच होतात. झाकणाला तेवढे वर सरकायला वाव नसेल, तर ते मागच्या बाजूने तडकते.

तुकडा बसवायचा असेल तर भट्टीसाठी मिळणारा उच्चतापसह मसाला वापरावा. बांधकामाचे सिमेंट चालत नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि काहीशे अंशांना तेच पाणी सुटून गेल्याने भुसभुशीत होते. वीट आधी ओली करावी, नाहीतर तिची छिद्रे मसाल्यातले पाणी शोषून घेतात आणि मसाला नीट चिकटत नाही. मसाला पातळ असावा. जाड थर विटेच्या प्रमाणात पसरत नाही आणि पापुद्रा होऊन गळतो. दुरुस्ती सुकल्यावर पहिल्यांदा भट्टी अगदी सावकाश तापवावी.

एक इशारा गंभीरपणे घ्यावा. या विटांच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असू शकते. ती फुफ्फुसात साचली तर सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. म्हणून झाडूने झाडू नये, फुंकरही मारू नये. योग्य मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावे. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये.

वर्गात मात्र एक सोपा प्रयोग करता येईल. न वापरलेल्या विटेचा कोरडा तुकडा शिक्षकांनी स्वच्छ धुऊन, वाळवून, वजन करून द्यावा. मुलांनी तो पाण्यात सोडावा. आधी तो तरंगेल आणि त्यातून बुडबुडे निघत राहतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करावे. जितके ग्रॅम वाढले, तितके घन सेंटिमीटर पाणी छिद्रांत शिरले. झाकण उष्णता का अडवते आणि सहज का तुटते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मुलांना त्या एका आकड्यात सापडेल.