घरकामातून निवृत्ती कोणाच्या हिताची?

नोकरीतून निवृत्त होणाऱ्या गृहस्थाच्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांच्या जोडीला एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आता आराम करा.' ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी दिल्या जाणाऱ्या या शुभेच्छेमागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, हा गृहस्थ शाल घेऊन ज्या घरी परततो, त्या घरात जवळजवळ त्याच्याच वयाची एक स्त्री कणीक मळीत असते आणि तिच्यासाठी असा समारंभ कधीही झालेला नसतो. एकाला आरामाचा आग्रह व दुसरीला आरामाची सोयच नाही, ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा हिशेब मांडावा असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः या विभागणीत दोघांचेही नुकसान आहे, आणि ते प्रामुख्याने आरोग्याचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ते २०३० हे दशक 'निरोगी वार्धक्याचे दशक' म्हणून योजिले आहे. निरोगी वार्धक्याची तिची व्याख्या लक्षात घेण्याजोगी आहे. व्याधींचा संपूर्ण अभाव तीत अपेक्षित नाही. माणसाला जे करणे मोलाचे वाटते ते करण्याची क्षमता उतारवयातही टिकून राहावी, एवढेच तीत अभिप्रेत आहे. याच संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व वृद्ध व्यक्तींनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचे शारीरिक श्रम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी त्यातच आठवड्यातून किमान तीन दिवस शरीराचा तोल व स्नायूंची ताकद वाढविणाऱ्या हालचालींचा समावेश करावा, असेही त्यांत सांगितले आहे.

आपल्याकडील निवृत्त मध्यमवर्गीय पुरुष यांपैकी पहिला भाग प्रभातफेरीने पुरा करतो, आणि ते निश्चितच स्तुत्य आहे. दुसरा भाग मात्र बहुधा राहून जातो. फिरून आल्यावर खुर्ची, वर्तमानपत्र आणि हातात आणून दिलेला चहा असा त्याचा दिनक्रम असतो. वाकणे, उठणे, हात उंचावणे, ओझे उचलून तोल सांभाळणे या हालचाली घरातल्या घरात कोठे घडतात? त्या घडतात केर काढताना, फरशी पुसताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, अंथरुणे उचलताना. शिवाय चार माणसांचा स्वयंपाक वेळेवर सिद्ध करण्यात कशानंतर काय करावयाचे याचे नियोजन असते, स्मरण असते, अवधान असते. त्याचा मेंदूला होणारा व्यायाम आपण कधी व्यायाम मानलेला नाही, इतकेच.

यासंबंधी सिंगापूरमधील यिशून या वसाहतीत झालेल्या एका पाहणीचा उल्लेख उचित ठरेल. २०२१ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. २१ ते ९० वयोगटातील ४८९ व्यक्तींचा तीत अंतर्भाव होता. ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी ज्या घरातील जड कामे अधिक करीत, त्यांची स्मरण-अवधानादी बौद्धिक कार्यक्षमता तुलनेने चांगली आढळली. त्यांच्या पायांत ताकद अधिक होती आणि पडण्याचा धोका कमी होता. तरुण गटात असा संबंध दिसला नाही. या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. काम केल्यामुळे प्रकृती चांगली राहिली, की प्रकृती चांगली होती म्हणून काम होत राहिले, याचा निवाडा अशा एकवेळच्या पाहणीतून होत नाही. तरीही त्यातून मिळणारी सूचना दुर्लक्षिण्याजोगी खचितच नाही.

दुहेरी उत्पादन

घरकामाकडे पाहण्याची अर्थशास्त्राची दृष्टी येथे थोडी तपासून पाहणे आवश्यक आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामकरणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात दाखवून दिली. पुढे १९३४ मध्ये मार्गारेट रीड यांनी एक कसोटी सुचविली : जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येते, ते घरात विनामूल्य केले तरी उत्पादनच होय. असे असूनही स्वतःच्या घरासाठी केलेला स्वयंपाक वा धुणेभांडी आजही राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाहीत.

मात्र वार्धक्याच्या संदर्भात रीडबाईंची कसोटी अपुरी पडते. कारण तेथे घरकामाचे उत्पादन दुहेरी असते. स्वच्छ फरशी हे एक उत्पादन आणि पुसणाऱ्याच्या अंगात टिकून राहिलेली ताकद हे दुसरे. पहिले पैसे देऊन विकत घेता येते. दुसरे घेता येत नाही. मोलकरीण ठेवताना वा यंत्र आणताना आपण पहिल्याचाच हिशेब करतो, आणि 'आई, तुम्ही आता बसा' असे प्रेमाने सांगताना दुसऱ्याचे काय होते याचा विचार करीत नाही. त्यातच, ज्या स्त्रीने चाळीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळले तिच्या हातून काम जाते तेव्हा कामाबरोबर तिचा शब्दही जातो. काय शिजवावे, किती आणावे, काय साठवावे, हे तिला विचारण्याचे हळूहळू थांबते. अशा वृद्धेला विश्रांती मिळाली असे म्हणावयाचे की तिचा अधिकार काढून घेतला असे म्हणावयाचे?

भर नको, वाटणी हवी

यावरून वृद्धांनी अधिक घरकाम करावे असा सरसकट उपदेश केला, तर तो मोठा अन्याय ठरेल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर पाहणीत, सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात विनामोबदला घरकाम करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला, तर पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आले. म्हणजे स्त्रियांचा वेळ दहा मिनिटांनी कमी झाला खरा; पण पुरुषांचाही नऊ मिनिटांनी घटला. भार एकाकडून दुसऱ्याकडे सरकला, असे काही या आकड्यांवरून दिसत नाही.

मुलगा व सून दोघेही नोकरीवर जातात अशा घरातील आजी नातवंडांचे डबे, शाळा, दुपारचे जेवण आणि संध्याकाळचा स्वयंपाक सांभाळते. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना आणखी काम सुचविणे क्रूरपणाचे होईल. साठी उलटल्यावरही चार घरची भांडी घासणाऱ्या कष्टकरी स्त्रीला तर हा उपदेश ऐकविताच येणार नाही. तिला गरज आहे ती निवृत्तिवेतनाची आणि विश्रांतीची. श्रमाचा अभाव आणि श्रमाचा अतिरेक हे दोन्ही अपायकारक असतील, आणि एकाच छपराखाली दोन्ही नांदत असतील, तर उपाय उघड आहे. आजीच्या डोक्यावरील भाराचा निम्मा वाटा आजोबांच्या हाती गेला पाहिजे.

हा वाटा 'मदत' या नावाने मात्र घेतला जाऊ नये. मदत करणारा सवडीनुसार येतो व जातो. जबाबदारी मात्र ज्याची होती त्याचीच राहते. संध्याकाळचा चहा, भाजी आणण्यापासून निवडून चिरण्यापर्यंतचे काम, कपडे वाळत घालून घड्या करणे यांपैकी एखादे काम तरी आजोबांनी पूर्णपणे आपले मानावे. ओल्या फरशीवर घाई करू नये, माळ्यावरचे डबे काढण्यासाठी स्टुलावर चढू नये, हृदयविकार वा हाडांचा ठिसूळपणा असल्यास डॉक्टरांस विचारूनच जड काम करावे, ही पथ्ये अर्थातच पाळली पाहिजेत.

या शिकण्याला आणखी एक निकड आहे. पती आधी जाणार आणि पत्नी मागे राहणार, असे बहुतेक पुरुष मनाशी गृहीत धरून चालतात. ज्यांच्या बाबतीत हे गृहीत खोटे ठरते, मुले दूरच्या शहरी वा परदेशी असतात, त्यांना दुःखाच्या त्या दिवसांत चहासाखरेचे डबे कोठे आहेत येथपासून सुरुवात करावी लागते. अनेकांचे जेवणाखाण्याचे हाल तेव्हा सुरू होतात आणि प्रकृती खालावते. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांच्या व्याख्यानांच्या व योगासनांच्या जोडीला पुरुषांसाठी साध्या स्वयंपाकाचे वर्ग सुरू करण्यास फारसा खर्च येणार नाही. निवृत्तीपूर्वीच्या एकदोन वर्षांत घरीच हे शिक्षण सुरू झाले तर अधिकच उत्तम; शिकविणारी व्यक्ती घरात आहे तोवर ते शिकून घ्यावे.