एसएसबीला दुसऱ्यांदा जाताना

बेंगळुरूच्या कबन रोडवर लष्कराचं सिलेक्शन सेंटर साउथ आहे. मी याच शहरात राहतो. त्यामुळे कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरकडची ओळखीतली मुलं एसएसबीला आली की मला फोन येतो. परत निघताना येणारा फोन बहुतेकदा एकच असतो : ‘काका, नाही झालं. परत फॉर्म भरू का?’

माझा उलटा प्रश्न असतो, नेमकं कुठे अडलं? कारण प्रत्येक नकार वेगळा. लेखी परीक्षेत राहिलात तर तो गणिताचा आणि सामान्य ज्ञानाचा अभ्यास आहे, वर्षातून दोनदा संधी मिळते. मेडिकलमध्ये अडलात तर पुढची तपासणी मागता येते, तिथे मुदत पाळायची. निवड होऊनही गुणवत्ता यादीत नाव नसेल तर पुन्हा लेखीपासून सुरुवात. हे सगळ्यात जिव्हारी लागतं. आणि एनडीएला वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे हिशेब तीनच वर्षांचा. वैमानिक शाखेची संगणकावरची चाचणी मात्र आयुष्यात एकदाच. त्यात नापास झालात तर ती शाखा कायमची बंद, बाकीच्या खुल्या.

खरा गोंधळ होतो तो एसएसबीच्या पाच दिवसांत बाहेर पडलेल्यांचा. लेखीला 900 गुण, एसएसबीलाही 900. पण का नाकारलं, हे मंडळ सांगत नाही. मग मुलं स्वतःच कारण शोधतात : इंग्रजी कच्चं पडलं, गटचर्चेत आवाज चढला नाही. आणि पुढच्या वेळी पाठ केलेल्या गोष्टी घेऊन जातात.

तिथे तपासणारे तिघे असतात. मानसशास्त्रज्ञ तुमचं लेखन वाचतो : चित्रं बघून चार-चार मिनिटांत लिहिलेल्या गोष्टी, पंधरा सेकंदांना एक अशा साठ शब्दांवरची वाक्यं. मुलाखत घेणारा अधिकारी तुम्हाला ऐकतो. तिसरा मैदानावर फळ्या-दोऱ्यांशी झगडताना बघतो. तिघे शेवटच्या दिवसाच्या बैठकीपर्यंत आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. याला तिथे ‘मनसा, वाचा, कर्मणा’ म्हणतात. पाठ केलेली गोष्ट कागदावर शूर दिसते, पण मैदानावर तोच मुलगा मागे उभा राहतो, आणि मेळ बसत नाही.

दुसऱ्यांदा जाणाऱ्यासाठी कळीची जागा म्हणजे पहिल्या दोन दिवसांत भरून घेतला जाणारा माहितीचा फॉर्म, पीआयक्यू. आधी कुठे गेलात, कधी, चेस्ट नंबर काय, हे त्यात विचारतात. लपवू नका. आधी गेलेला असणं हा दोष नाही. मुलाखतीत पुढचा प्रश्न येतो, ‘मधल्या काळात काय केलंस?’ ‘क्लास लावला’ एवढंच उत्तर असेल तर मुलगा तिथेच आहे जिथे होता. एनसीसीचा कॅम्प चालवला, घरच्या दुकानाचा हिशेब सांभाळला, वाडीतल्या पोरांचा कबड्डीचा संघ उभा केला, असं काही असेल तर सांगायला खरं असतं. क्लासवाल्यांना हे आवडणार नाही, पण सहा महिने माणूस घडण्यात गेले पाहिजेत.

विरारच्या गौरी महाडिकांचं उदाहरण देतो. पती मेजर प्रसाद महाडिक 2017 च्या डिसेंबरात अरुणाचलच्या सीमेवर आगीत गेले. गौरीताई कंपनी सेक्रेटरी. सैनिकाची वीरपत्नी म्हणून लेखी परीक्षेतून सूट होती, एसएसबीतून नव्हती. पहिल्या प्रयत्नात निवड झाली नाही. दुसऱ्यांदा त्या पहिल्या आल्या. 2019 मध्ये चेन्नईच्या अकादमीत दाखल झाल्या आणि मार्च 2020 मध्ये लेफ्टनंट. त्यांची वाट एनडीएची नव्हती, पण पाच दिवस आणि ते तिघे तेच.

एनडीएचं वय निघून गेलं तरी पदवीनंतर सीडीएस आहे. मुलींनाही त्यातून चेन्नईची अकादमी मिळते. म्हणून कॉलेज अर्धवट सोडून नुसती तयारी, हे मी कुणालाच सुचवत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. एकाच प्रकारच्या प्रवेशासाठी दुसऱ्यांदा येणाऱ्याला रेल्वेभाडं परत मिळत नाही. तिकिटाचे पैसे आधीच बाजूला ठेवा, आणि जुना चेस्ट नंबर वहीत लिहून आणा.