मेडिकलची सीट सोडून पुन्हा नीट द्यायची? ठरवण्याआधी हे समजून घ्या

नीटचा निकाल लागला, फेऱ्या सुरू झाल्या की वलगावपासून परतवाड्यापर्यंत कितीतरी घरांत एकच मशवरा चालतो. मुलाला सीट तर मिळाली, पण मनासारखी नाही. कुणाला दूरच्या जिल्ह्यातलं कॉलेज, कुणाला खासगी कॉलेजची न झेपणारी फी, तर कुणाला एमबीबीएसऐवजी बीडीएस किंवा बीयूएमएस. मामू म्हणतात, "जो मिला वो ले लो." क्लासवाले म्हणतात, "एक साल और." शाळेत पालक येऊन मलाही विचारतात. सरसकट हो किंवा नाही असं उत्तर याला नाही. पण कोणत्या गोष्टी पाहून ठरवायचं, ते सांगता येतं.

आधी पाहा, हातात काय आहे

सरकारी कॉलेजात एमबीबीएस मिळत असेल, तर ते दूर आहे म्हणून सोडू नये. नांदेड असो की गोंदिया, डिग्री तीच. पुढे एमडी-एमएसची सीट नीट-पीजीच्या रँकवर मिळते, एमबीबीएसच्या कॉलेजच्या नावावर नाही. अमरावतीचं नवं सरकारी मेडिकल कॉलेज 2024-25 पासून 100 जागांवर सुरू झालं. "पुढच्या साली घराजवळच मिळेल" म्हणून हातातलं सोडावं असं काही जणांना वाटतं. पण त्या 100 जागांमध्येही ऑल इंडिया कोटा आणि आरक्षण आहे. जवळपणासाठी एक वर्ष लावणं महाग पडतं.

खासगी एमबीबीएसचा हिशोब वेगळा. सरकारी कॉलेजची फी वर्षाला साधारण दीड लाखाच्या घरात असते, तर खासगीत ती बरेचदा दहा लाखांच्या पुढे जाते. संस्था कोट्यात त्याहून कितीतरी जास्त. पहिल्या वर्षाची फी शेत विकून भरता येईल, पण अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप आहे. आपल्यापैकी अनेक घरं सूदमुळे बँकेचं कर्ज घेत नाहीत. अशा घरांनी सगळ्या वर्षांची रक्कम एका कागदावर मांडावी, मगच हो म्हणावं.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी प्रवर्गातल्या आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य शासनाने 2024-25 पासून पूर्ण माफ केली आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतूनच झालेला हवा, संस्था कोट्यातून नाही. जी सीट परवडत नाही म्हणून सोडायला निघालात, ती कदाचित परवडणारी असेल.

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीयूएमएस मिळालं असेल, तर मुलाला एकच विचारा: "एमबीबीएस कधीच मिळणार नाही असं समज, तर हे काम आयुष्यभर आवडीनं करशील का?" हो म्हणाला तर सीट घ्यावी. दहावीला उर्दू शिकलेल्या आपल्या मुलांसाठी युनानी हे पक्कं दार आहे, त्याला कमी लेखू नये. पण मूल मनापासून नाही म्हणत असेल, तर पाच-साडेपाच वर्षं ओढत नेण्यात बरकत नाही.

मार्क कमी पडले, ते कशामुळे?

पेपर 720 मार्कांचा. त्यात बायोलॉजी 360, फिजिक्स 180, केमिस्ट्री 180. एकूण मार्कांवर बोलू नका, तिन्ही विषय वेगळे काढा. बायोलॉजीत मार्क गेले असतील तर एनसीईआरटीचं पुस्तक पुन्हा पुन्हा नीट वाचून ते भरून निघतात. फिजिक्स कच्चं असेल तर नुसतं घरी बसून ते पक्कं होत नाही, शिकवणारा माणूस लागतो. उर्दू माध्यमातून दहावी करून अकरावीत एकदम इंग्रजीत गेलेल्या मुलाचा पहिला प्रयत्न बरेचदा भाषेतच जातो. अशा मुलाला दुसऱ्या प्रयत्नात खरी वाढ मिळू शकते. पण मुलानं पहिल्याच वेळी पूर्ण तयारी केली होती, सराव परीक्षांतही तेवढेच मार्क येत होते, तर दुसऱ्या वर्षी काय बदलणार आहे, हे आधी सांगता आलं पाहिजे. "ज्यादा मेहनत करूंगा" हे उत्तर पुरेसं नाही.

मार्कांची तुलना करताना एक चूक बहुतेक जण करतात. 2024 मध्ये सर्वात वरचे मार्क 720 होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता 162. 2025 चा पेपर कठीण निघाला, वरचे मार्क 686 वर आले आणि पात्रता 144 वर. म्हणून "अजून वीस मार्क आले की झालं" हा हिशोब फसवा आहे. रँक पाहा. आणि स्पर्धा लक्षात ठेवा: 2025 मध्ये 22 लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली होती.

फेरीचे नियम

सीट कधी सोडता, यावर नुकसान ठरतं. ऑल इंडिया कोट्यात पहिल्या फेरीत मिळालेली सीट घेतली नाही, तरी काही जात नाही. दुसऱ्या फेरीत न घेतल्यास अनामत रक्कम जप्त होते. ती साधारण 10 हजार, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना 5 हजार, आणि अभिमत विद्यापीठांसाठी 2 लाख. तिसऱ्या आणि शेवटच्या फेऱ्यांचे नियम त्याहून कडक आहेत. राज्याच्या फेरीत स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव निघतं. तो न भरता पुढच्या फेरीत वरची सीट लागली, तर आधीची आपोआप जाते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातल्या कुणीतरी पूर्ण वाचावी. कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नये.

प्रवेश रद्द केल्यावर मूळ कागदपत्रं आणि फी परत किती मिळणार, हे अर्ज देण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या. पुढच्या वर्षी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. ईडब्ल्यूएसचा दाखला नवा काढावा लागेल, आणि नॉन क्रिमीलेअरची मुदत संपत असेल तर तोही. जात वैधता अजून झाली नसेल तर आताच अर्ज करा.

वर्ष खरंच वर्ष असतं का?

नीट बहुतेक वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होत आली आहे. शेवटच्या फेरीपर्यंत वाट पाहून ऑक्टोबरात सीट सोडली, तर हातात सात महिनेसुद्धा पुरे राहत नाहीत. म्हणून पुन्हा परीक्षा द्यायचा विचार असेल तर पुस्तकं निकालाच्या आठवड्यातच उघडावीत, फेऱ्या चालू राहू द्याव्यात. बीयूएमएस किंवा बीडीएसला प्रवेश घेऊन सोबत नीटची तयारी करणं म्हणजे दोन दगडांवर पाय. हजेरी, प्रॅक्टिकल आणि तयारी, तिन्ही अर्धवट राहतात.

नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही, प्रयत्नांचीही नाही. म्हणूनच मर्यादा घरानं घालावी: एकच वर्ष. आणि ते संपल्यावर जे मिळेल ते घ्यायचं, हे आजच ठरवायचं.

मुलीला वेगळा न्याय का?

आपल्या घरांत मुलाला दोन-दोन ड्रॉप मिळतात. मुलीला मात्र सांगतात, "जो मिला वो कर ले, रिश्ते आने लगे हैं." मुलीचे मार्क आणि तयारी मुलासारखीच असेल, तर वर्षही तेवढंच मिळायला हवं. आणि मुलाची तयारी नसेल, तर "लोक काय म्हणतील" म्हणून त्याला तिसऱ्यांदा बसवणंही चुकीचं.

सगळे घरात बसा. मार्कांचा कागद, फीचा कागद आणि माहितीपुस्तिका समोर ठेवा. वालिदैननी आधी मुलाचं ऐकून घ्यावं, मग आपलं म्हणावं. इस्तिखारा जरूर करा, पण माहिती गोळा करून झाल्यावर. फेरीची तारीख निघून गेली, तर निर्णय आपल्या हातात राहत नाही.