पहिला प्रश्न बरोबर विचारण्यासाठी

विधानसभेच्या तारांकित प्रश्नांच्या यादीची भाषा एकदा वाचली की डोक्यातून जात नाही. वर आमदारांची नावं, खाली ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग ‘हे खरे आहे काय’ असे एकापाठोपाठ एक उपप्रश्न. समोर उत्तरं : ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यवतमाळकडच्या पाच-सहा कापूस उत्पादकांसोबत मी प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. त्यांच्यात एक काकू होत्या. मोबाइल आणि पिशव्या बाहेर जमा करा असं सांगितल्यावर त्या दारातच अडल्या. त्यांच्या कापडी पिशवीत सातबारा होता, बँकेची नोटीस होती, पीक विम्याची पावती होती. ते कागद नजरेआड करायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी टोकन मुठीत घट्ट धरून त्या वर आल्या आणि तासभर एक शब्द न बोलता खाली बघत राहिल्या. बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, “प्रश्न उद्भवत नाही म्हंजे काय जी? आमचा त उद्भवला हाय ना.” मी समजावलं की पहिल्या उपप्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं की त्यावर टेकलेले पुढचे प्रश्न आपोआप गळून पडतात. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “म्हंजे पयला सवालच बराबर इचारा लागते.”

संसदीय कामकाजाचा याहून नेमका धडा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. महाराष्ट्रातला शेतकरी राजधानीच्या दारात गेली पंच्याऐंशी-नव्वद वर्षं येतो आहे. तो काय मागायला आला, हे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तो तिथून काय शिकून परतला, इकडे मात्र आपलं लक्ष कमी गेलं.

१० जानेवारी १९३८ या दिवसापासून हा मागोवा घ्यावा लागेल. त्या दिवशी कोकणातले आणि आसपासच्या जिल्ह्यांतले वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईत जमले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कौन्सिल हॉलवर गेले. विषय खोतीचा होता. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामधला सारा वसूल करणारा. कुळाचं निम्मं धान्य, वर वेठबिगार, असा त्याचा अंमल. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या मागे उभं राहून कुळांनी १९३३ पासून जमिनी कसणंच थांबवलं होतं. रानातल्या लाकूडफाट्यावर त्यांनी वर्षानुवर्षं दिवस काढले, पण संप मोडला नाही.

या मोर्चाचं वेगळेपण संख्येत नव्हतं. रस्त्यावर माणसं उतरली त्याच्या आधी, सप्टेंबर १९३७ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं. आत कलमवार मसुदा आणि बाहेर ज्यांच्यासाठी तो मसुदा होता ती माणसं, अशी ही जोडणी होती. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांचं कामकाज इंग्रजीत चाले. बाहेर उभ्या असलेल्या कुळाला आतलं वाक्य कळणं शक्य नव्हतं. तरीही आपला प्रश्न आत कागदावर आहे, त्याला ‘बिल’ म्हणतात, हे ती माणसं गावी घेऊन गेली. शिष्टमंडळ प्रांताच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख बाळासाहेब खेरांना भेटलं, विधेयक मात्र पुढे सरकलं नाही. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं आणि खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, म्हणजे मोर्चानंतर अकरा वर्षांनी. दुसऱ्या बाजूने १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कूळ मालक झालं. आज रायगड-रत्नागिरीत ज्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, त्यांतल्या अनेकांच्या त्या ओळीमागे हा सगळा प्रवास आहे. घरातल्या मुलांना तो ठाऊक नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

राज्य स्थापन झाल्यावर सुरुवातीची वर्षं उमेदीची होती. नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरू लागलं, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला सरकार बघायला मुंबईची गाडी पकडण्याची गरज उरली नाही. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. तिथे ठराव मांडायला, टिपणी वाचायला शिकलेली शेतकऱ्यांची मुलं पुढे विधानसभेत गेली. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. आयुष्याचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसलेला आणि एसटीने फिरणारा हा माणूस दुष्काळी तालुक्याला विधिमंडळाचं कामकाज घरबसल्या समजावणारा शिक्षकच होता.

गावातली कल्पना सभागृहात जाऊन कायदा कशी होते, याचं सर्वांत सुंदर उदाहरणही याच काळातलं आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात हाताला काम देण्याचा प्रयोग १९६५ च्या सुमारास करून पाहिला. १९७२ चा दुष्काळ पडला आणि त्या प्रयोगाचा राज्यभर विस्तार झाला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाचा हक्क मागणाऱ्या मजुराला कायद्याचा आधार देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. केंद्राला असा कायदा करायला २००५ उजाडलं.

१९८० पासून सूर बदलला. चाकण आणि नाशिकच्या कांद्याच्या आंदोलनातून शरद जोशींची शेतकरी संघटना उभी राहिली. जोशींनी आंबेठाणच्या अंगारमळ्यात शिबिरं घेतली आणि शेतकऱ्याला उत्पादन खर्च मांडायला शिकवलं. हे त्यांचं काम मी आंदोलनांइतकंच मोठं मानतो. आपलं दुःख नशिबाचं नाही, त्याला हिशेब आहे, हे त्या शिबिरांतून हजारोंना कळलं. त्याच वर्षी डिसेंबरात जळगावहून नागपूर अधिवेशनाकडे शेतकरी दिंडी निघाली. नागपूर अधिवेशन आणि मोर्चा हे समीकरण तेव्हापासून आणखी घट्ट झालं.

या समीकरणाची किंमतही आपण मोजली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधव नागपुरात आले. गुरं राखणारी ही माणसं, अनुसूचित जमातीच्या यादीतला आपला हक्क मागत होती. निवेदन घ्यायला कुणीतरी मंत्री येईल, या आशेवर दिवस मावळेपर्यंत ती मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर थांबून राहिली. मग लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यांत बाया होत्या, लेकरं होती. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर आहे. इतक्या जवळ येऊनही आपला कागद आत पोचू नये, हे दुःख त्या चौकातून जाताना आजही छातीवर येतं.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे नाशिकचा लाँग मार्च. ६ मार्च २०१८ ला निघालेले शेतकरी, त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शीवच्या सोमय्या मैदानावरून ते रातोरात उठले आणि अंधारातच आझाद मैदान गाठलं. सोललेल्या तळव्यांचे फोटो सर्वांनी पाहिले, मुंबईकरांनी चपला आणि पाणी आणून दिलं. वनहक्काचे दावे निकाली काढण्यासह बहुतेक मागण्या सरकारने लेखी मान्य केल्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्यांना पुन्हा निघावं लागलं.

मार्च २०२३ मध्ये ते तिसऱ्यांदा निघाले, तेव्हा मात्र काहीतरी शिकलेलं दिसलं. ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला मुक्काम पडला होता. चर्चा झाली, मागण्या मान्य झाल्याचं सांगितलं गेलं, तरी लोक उठले नाहीत. आधी सभागृहात निवेदन करा, अंमलबजावणीचे आदेश खाली जाऊ द्या, मग आम्ही परततो, असं त्यांनी धरून ठेवलं. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केलं. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा जीव गेला, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पण मैदानात मिळालेलं पत्र आणि सभागृहाच्या कार्यवाहीत नोंदलं गेलेलं वाक्य यांतला फरक या माणसांनी पायी चालून ओळखला होता. मंत्री सभागृहात ‘करू’ म्हणाले की ते आश्वासन होतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

दुसरी एक गोष्ट अजून पुरेशी शिकवली गेलेली नाही, ती म्हणजे कुठलं दार कशासाठी ठोठावायचं. जमीन, पाणी, बाजार समित्या हे राज्याचे विषय. हमीभाव, आयात-निर्यात दिल्लीच्या हातात. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरचं अधिवेशन सुरू झालं आणि त्याच सुमारास केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. उत्पादकांचा राग नागपूरवर निघाला, कारण सरकार तिथे दिसत होतं. अधिसूचना दिल्लीतून निघाली होती. राज्याने केंद्राकडे जोर लावावा ही मागणी रास्तच होती, पण आमदाराकडून काय मागायचं आणि खासदाराकडून काय, याची वाटणी गावात झालेली नव्हती.

निवेदनाचंही तसंच. मंत्र्यांच्या हातात कागद दिला, फोटो निघाला, की काम झालं असं आपण समजतो. त्या कागदावर शेरा पडतो, तो टपालात जातो, आवक क्रमांक मिळतो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशा पायऱ्या चढत टिपणी वर जाते. आवक क्रमांक ज्याच्याकडे नाही, त्याला कागद कुठे अडला हे विचारताच येत नाही. माझ्याच गावचं पाणंद रस्त्याचं निवेदन एका कार्यालयात दोन वर्षं पडून होतं, कारण आम्ही क्रमांक घेतलाच नव्हता. क्रमांक घेऊन दुसऱ्यांदा दिलं, तेव्हा ते हललं.

त्या काकूंनी पुढे काय केलं, तेही सांगतो. गावी गेल्यावर त्यांनी बचत गटातल्या बायांना बसवून एकच प्रश्न लिहून घेतला : आपल्या महसूल मंडळात अमुक खरीप हंगामात पीक विम्याच्या किती पूर्वसूचना आल्या आणि त्यांतल्या किती फेटाळल्या? माहिती अधिकारात तो अर्ज गेला. आलेलं उत्तर घेऊन त्या आमदारांकडे गेल्या आणि यावर तारांकित प्रश्न लावा म्हणाल्या. उत्तरातला आकडाच प्रश्नात घातलेला असल्यामुळे ‘हे खरे नाही’ असं म्हणायला जागा नव्हती.

येत्या अधिवेशनाच्या आधी एवढं करा. आपल्या आमदारांकडे प्रेक्षक गॅलरीच्या पाससाठी शिफारस मागा आणि गावातल्या चार शेतकऱ्यांना, त्यांत निदान दोन बायांना, मोर्चाच्या दिवशी नव्हे तर साध्या कामकाजाच्या दिवशी प्रश्नोत्तराच्या तासाला घेऊन बसा. सकाळी लवकर निघा. पहिला प्रश्न चुकवू नका.