रेणवीय मेघांतील वायूची घनता आणि ताऱ्यांची निर्मिती

प्रस्तावना :
तारे रेणवीय मेघांत जन्म घेतात. या मेघांचे तापमान साधारणतः १० ते २० केल्विन असते व त्यांत मुख्यतः हायड्रोजनचे रेणू असतात. मेघात जितका अधिक वायू तितके अधिक तारे, असे सकृद्दर्शनी वाटते. निरीक्षणे मात्र वेगळेच दर्शवितात.

घनतेचा नियम :
ताऱ्यांच्या निर्मितीचा दर वायूच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असावा, असे मार्टेन श्मिट यांनी १९५९ मध्ये सुचविले. संपूर्ण दीर्घिकांचा विचार करता हा दर पृष्ठीय घनतेच्या सुमारे १.४ व्या घातानुसार बदलतो, असे रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये दाखविले.

गुरुत्वाकर्षणाने मेघ कोसळण्यास लागणारा काळ घनतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दर घनसेंटीमीटरला १०० रेणू असल्यास तो सुमारे ३० लाख वर्षे भरतो. आपल्या आकाशगंगेत सुमारे १०० कोटी सूर्यांइतका रेणवीय वायू आहे. तो सर्व या गतीने कोसळला, तर दरवर्षी सुमारे ३०० सूर्यांइतके तारे निर्माण व्हावेत. प्रत्यक्षात हा दर सुमारे दोन सूर्यांइतकाच आहे. म्हणजेच बहुतांश वायू ताऱ्यांच्या निर्मितीत सहभागीच होत नाही.

दोन मेघांची तुलना :
मृग नक्षत्रातील 'ओरायन ए' आणि ययाति तारकासमूहातील 'कॅलिफोर्निया' या दोन्ही मेघांचे वस्तुमान सुमारे एक लाख सूर्यांइतके आहे. तथापि 'ओरायन ए'मध्ये नवजात तारे सुमारे दसपट अधिक आहेत. चार्ल्स लाडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जवळच्या ११ मेघांच्या अभ्यासातून याचे कारण मांडले. ताऱ्यांची संख्या एकूण वायूवर नव्हे, तर दर घनसेंटीमीटरला सुमारे १०,००० रेणूंहून दाट असलेल्या वायूवर अवलंबून असते. यू गाओ व फिलिप सॉलोमन यांनाही २००४ मध्ये दीर्घिकांत असाच संबंध आढळला होता. तेथे दाट वायू हायड्रोजन सायनाइडच्या प्रारणावरून मोजण्यात आला होता.

नियमाची मर्यादा :
आकाशगंगेच्या केंद्राजवळील 'ब्रिक' हा मेघ या उंबरठ्याहून दाट व सुमारे एक लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा आहे. तरीही त्यात ताऱ्यांची निर्मिती अत्यल्प आहे. तेथील तीव्र प्रक्षोभ व प्रबळ चुंबकीय क्षेत्र वायूला आकुंचनापासून रोखत असावेत, असे मानले जाते.

निष्कर्ष :
ताऱ्यांच्या निर्मितीसाठी दाट वायू आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. घनतेचा उंबरठा हा सार्वत्रिक स्थिरांक नसून तो मेघाच्या परिस्थितीनुसार बदलतो, असे या निरीक्षणांवरून सूचित होते.