गाडी जागच्या जागी, तरी मळमळ

पसरणीचा घाट लागला की एसटीत खिडकीजवळ कोणाला बसवायचे, हे प्रत्येक घरात ठरलेले असते. आवळासुपारी, लिंबू, आलेपाक अशी तयारीही बरोबर असते. पण एक गोष्ट पाहिली आहे का? ज्याला हमखास गाडी लागते, तोच माणूस स्वतः स्टिअरिंगवर बसला की बहुधा ठणठणीत असतो. पुढचे वळण कधी येणार, ब्रेक कधी लागणार हे त्याच्या शरीराला आधीच ठाऊक असते.

ड्रायव्हिंग सिम्युलेटरमध्ये मात्र हा नियम मोडतो. समोर पडदा, हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक. रस्ता धावतो तो पडद्यावर. डिझेलचा वास नाही, धक्के नाहीत, गाडी चालवतोय तेही आपणच. तरी काही मिनिटांत काहींना घाम फुटतो, डोके जड होते, मळमळू लागते.

हॅव्हरॉन आणि बटलर या अमेरिकी संशोधकांनी १९५७ साली हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरबाबत ही तक्रार नोंदवली. पुढच्या पाहणीत एक नवल दिसले. शिकाऊ वैमानिकांपेक्षा त्यांना शिकवणाऱ्या मुरलेल्या वैमानिकांनाच त्रास जास्त! खरे हेलिकॉप्टर वळताना अंगाला काय जाणवते, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. तेच इथे जाणवत नव्हते.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके फिरल्याचे सांगतात, तर सूक्ष्म खडे वेग वाढल्या-घटल्याचे. एसटीत पुस्तक वाचताना कान म्हणतो ‘हललो’, डोळे म्हणतात ‘स्थिर आहोत’. सिम्युलेटरमध्ये नेमके उलटे. दोन साक्षी जुळत नाहीत आणि भोगावे लागते पोटाला. ज्यांचे हे इंद्रिय मुळातच निकामी असते, त्यांना गाडी लागत नाही. म्हणूनच सरळ हायवेपेक्षा शहरातली वळणे आणि सिग्नलचे थांबे जास्त बाधतात. चाक फिरवल्यावर चित्र क्षणभर उशिरा वळले, तर त्यात भरच.

यावर उपाय म्हणून आयोवा विद्यापीठाच्या प्रचंड सिम्युलेटरमध्ये अख्खी मोटार एका घुमटात ठेवून तो घुमटच सुमारे वीस मीटर लांब-रुंद जागेत सरकवतात, कलवतात. त्रास कमी होतो, पण पुरता जात नाही. लांबलचक ब्रेकचा जोर वीस मीटरांत कसा मावणार?

प्रश्न नुसत्या उलटीचा असता तर सोपा होता. मळमळणारा माणूस नकळत गाडी सावकाश हाकू लागतो, वळण बेताने घेतो, नजर पडद्यावरून काढून घेतो. यंत्र नोंदवते ते त्याचे वाहनकौशल्य की त्याची मळमळ? काहीजण प्रयोग अर्ध्यावर सोडतात. मग सरासरी उरते ती पोटाने दणकट असलेल्यांची. त्यातून हा त्रास वयस्करांना अधिक होतो. सत्तरीतल्या गृहस्थांना पडद्यावर गरगरले, म्हणून रस्त्यावर त्यांचा हात कच्चा ठरवणे हा माझ्या मते शुद्ध अन्याय आहे. निदान चाचणीनंतर त्यांची तब्येत विचारावी. त्यासाठी सोळा लक्षणांची एक प्रश्नावली १९९३ पासून उपलब्ध आहे.

आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर असावा लागतो. त्यामुळे हा अनुभव आता आपल्याही वाट्याला येणार. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटेच बसावे, पंखा सुरू ठेवावा, गरगरू लागताच थांबावे. दोन-चार खेपांत बहुतेकांना सवय होते. आणि उतरल्याबरोबर स्कूटरला किक मारू नये. तोल बिघडल्याची भावना काही वेळ रेंगाळते. अमेरिकी नौदल तर अशा वैमानिकांना काही तास विमानाजवळ फिरकू देत नाही. बाकावर टेकावे, चहा घ्यावा, मग निघावे.